आतल्या खोलीतली रोपं

मुक्तावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या मोंढ्यात, बी-बियाण्यांच्या दुकानात, तिच्याचसाठी ट्रे निवडत उभी होते. आदल्या दिवशी तिनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, की येताना रोपांचे काळे ट्रे आणा. पेरायचे उथळ ट्रे घरात आहेत, पण मिरचीला दोन पानं फुटली की तिला हलवायला खोल कपांचे लागतील, आणि लातूरच्या दुकानात सध्या आहेत ते हाताला कागदासारखे लागतात. तिचा आवाज पार खोल गेला होता. दोन वाक्यांच्या मध्ये ती थांबत होती... पण ट्रे कुठले हवेत याबद्दल त्या आवाजात काही शंका नव्हती. दुकानदारानं दोन-चार प्रकारचे ट्रे माझ्यापुढे मांडले होते. मी एकेक उचलून, वाकवून, खालची भोकं बघत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. ‘‘शैला, मुक्ता गेली गं,’’ एवढंच तो म्हणाला. दुकानात सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या उतरत होत्या, हमाल एकमेकांना हाका मारत होते. दुकानदारानं विचारलं, हे बांधू का ताई, आणि मी हो म्हणाले.

ते ट्रे मांडीवर घेऊनच मी लातूरच्या एस.टी.त बसले. लोह्याला शेजारी येऊन बसलेल्या बाईनं विचारलं, नर्सरी हाय का तुमची? माझ्या वहिनीची आहे, असं मी सांगितलं. मग अहमदपूरपर्यंत ती बाई तिच्या दोडक्याच्या वेलाला फळ का धरत नाही ते विचारत राहिली. मला येत होतं तेवढं मी सांगितलं. वहिनीला विचारून सांगते, असंही एकदा तोंडातून निघून गेलं... लातूरला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. हातातले ट्रे कुठं ठेवावेत ते मला कळेना. अश्विनी, दादा-वहिनीची मुलगी, पुढं आली, तिनं ते माझ्या हातून घेतले, पोटाशी धरले, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. पुढं दहाव्याच्या आत अश्विनीनंच त्या ट्रेमध्ये मिरची हलवली. थांबून चालणार नव्हतं. रोपं दाटली होती.

आज दीड-दोन महिन्यांनी हे लिहायला बसले आहे. मुक्तावहिनी कोण होती, हे तिच्या गल्लीतल्या लोकांना विचारलं तर ते सांगतील, रोपं वाटणारी बाई. ते खरंच आहे. पण ती रोपं घरात का वाढवायची, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. दादा माझ्याहून मोठा. लातूरला एका डाळ मिलमध्ये मशीनवर होता, आठवड्यातून एकदा गावी यायचा. मुक्ता आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा मी लग्नाची होते, त्यामुळं आम्ही दोघी वर्षभर एका घरात राहिलो आणि वहिनी-नणंद कमी, मैत्रिणी जास्त झालो. तरी ती मला ‘ताई, तुमी’ म्हणायची आणि मी तिला ‘वहिनी, तू’. बोलायला सडेतोड, चालायला घाईची, कामाला उरक असलेली. माझ्या आईला परसात भाजीपाला लावायचा नाद होता आणि मुक्तालाही तो लागला. आईची एक मिरची होती, बुटकी, जाडसर, टोकाला वाकडी. तिखट बेताची, पण ठेच्याला तिच्यासारखी मिरची नाही. ते बी आई दर साली धरून ठेवायची आणि मागेल त्याला द्यायची. आमचं घर दगड-मातीचं होतं, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या सऱ्यांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात ते घर इतकं थंड असायचं की पाहुणे दुपार आमच्याकडे काढायला यायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्या मातीखाली माझी आई गेली आणि दादाचा तीन वर्षांचा अमोल गेला. दादा तेव्हा लातूरला मिलवर होता, मी नांदेडला सासरी. मुक्ताला लोकांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं. ती जिवंत होती. एक पाय मोडला होता, अंगभर खरचटलं होतं, आणि ती कुणाशी बोलत नव्हती. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही...

पाय बरा झाल्यावर दादानं तिला लातूरला आणलं. आधी भाड्यानं, एका पत्र्याच्या खोलीत राहिले, मग गावठाणाबाहेर एक प्लॉट घेऊन दादानं घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सिमेंटचा पक्का स्लॅब. इंजिनिअरला दहा वेळा विचारून, जास्तीचं लोखंड घालून बांधलेलं. वास्तुशांतीला मी गेले होते. पूजा झाली, जेवणं झाली आणि संध्याकाळी मुक्तानं आपली वळकटी उचलून अंगणात टाकली. ती त्या घरात झोपली नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, पुढची कितीतरी वर्षं नाही. पाऊस आला म्हणून दादानं अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड करून दिलं, बांबूच्या टेकूवर, हलकं. पडलं तरी माणूस मरणार नाही असं. तिथंच तिची चूल, तिथंच अंथरूण. घरातून काही आणायचं तर ती श्वास रोखून आत जायची आणि पाण्यात बुडी मारून वर यावं तशी बाहेर यायची. लग्नकार्यात मांडवाच्या कडेला बसायची, मंगल कार्यालयात पायरीवर. अश्विनीच्या वेळी दवाखान्यात दाराजवळची खाट मिळाली नाही म्हणून बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन घरी आली, शेडमध्ये.

लोक बोलायचे. बांधलेलं घर रिकामं ठेवून बाहेर राहतात म्हणून हसायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तिला झोप यायची, पण ती शेडमध्येच. दादानं मात्र तिला एकदाही आत चल असं म्हटलं नाही. तो स्वतः सुरुवातीचे काही दिवस आत झोपला आणि मग एक दिवस आपली खाट उचलून शेडमध्ये तिच्या शेजारी आणून टाकली. त्याबद्दल त्यांच्यात काही बोलणं झालं नाही, असं तो सांगतो. मला खरं वाटतं.

अश्विनी शाळेत जायला लागली त्या सुमारास मी मुखेडला मावशीकडे गेले होते. माझ्या आईची धाकटी बहीण, फार थकलेली. तिच्या परसात वाळत घातलेल्या मिरच्यांत मला आईची मिरची दिसली. तीच बुटकी, वाकड्या टोकाची. आईनंच कधीतरी तिला बी दिलं होतं. मावशीनं मला ओंजळभर मिरच्या फडक्यात बांधून दिल्या आणि मी परस्पर बसनं लातूरला गेले. वहिनीनं फडकं सोडलं, एक मिरची उचलली, मोडली, नाकाशी धरली. आणि खाली बसली. मग उठून तिनं चहा टाकला आणि चहा देताना म्हणाली, ‘‘ह्या आईंच्या हायेत.’’

त्या उन्हाळ्यात तिनं अंगणात वाफा करून बी टाकलं. उगवलं, आणि वैशाखातल्या एका दुपारच्या झळीनं सगळं करपून गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं वर सावली केली, तर खारींनी आणि शेजारच्या कोंबड्यांनी वाफा उकरून काढला. मधल्या काळात मावशी वारली होती. तिच्या घरी चौकशी केली तर परसात आता फरशी झाली होती. म्हणजे आमच्या माहितीप्रमाणे वहिनीच्या डब्यात तळाला उरलं होतं तेवढंच बी आता जगात होतं, आणि मिरचीचं बी फार वर्षं टिकत नाही. जुनं झालं की उगवत नाही. तिनं थोडं शेडमध्ये लावून पाहिलं. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते. कोंब वर आले आणि दोरे होऊन आडवे पडले. तेव्हा दादा म्हणाला, ‘‘घरात खिडकीपाशी लावलं तर राहील.’’ म्हणाला आणि मिलला निघून गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

आतल्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, खाली रुंद कट्टा. सकाळी कोवळं ऊन येतं, दुपारी खोली गार राहते. रोपांना याहून चांगली जागा त्या घरात नव्हती आणि वहिनीला ते दिसत होतं. आता प्रश्न पडला कशात लावायचं. ती आधी कुंभाराकडून मातीची बोळकी घेऊन आली आणि आत न्यायच्या आधी शेडच्या सावलीत पेरून पाहिली. त्यांतलं पाणी भराभर सुकायचं आणि ती जड होती. कुठलीही जड वस्तू उंचावर ठेवायची म्हटलं की वहिनीचा हात थांबायचा. मग नारळाच्या करवंट्या आणल्या. त्यांना भोक पाडणं जिवावर येई, आणि भोक नसलं की पाणी तळाला साचून रोपं मुळाशी कुजत. चहाचे कागदी कप लोळागोळा झाले, त्यांना बुरशी चढली. प्रत्येक वेळी ती मोजकंच बी टाकायची, आणि प्रत्येक वेळी डब्यातलं बी कमी व्हायचं. मला फोनवर सांगताना तिच्या आवाजात जी काळजी असायची ती मी अमोल तान्हेपणी आजारी पडला तेव्हा ऐकली होती, त्यानंतर प्रथमच ऐकत होते.

गोलाईच्या बाजारपेठेपाशी युसूफभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. तीन पिढ्या ते लोक डबे, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करत आलेले. वहिनी त्यांच्याकडे तेलाचा रिकामा डबा घेऊन गेली आणि तो आडवा कापून ट्रे करून मागितला, चार बोटं उंचीचा, हलका, एका हातानं उचलता येईल असा. पहिला ट्रे केला त्याची कड धारदार राहिली आणि तिचं बोट कापलं. दुसऱ्याला युसूफभाईंनी कड दुमडून दिली, पण भोकं बाहेरून आत मारली, त्यामुळं आतल्या बाजूला पत्र्याचे काटे वर आले आणि पाणी अडून राहिलं. तिसरा ट्रे दोघांनी मिळून केला. ती समोर बसून होती, ते खिळा ठोकत होते. मी त्या दिवशी बरोबर होते. ते म्हणाले, ‘‘भाभी, इतकी मेहनत एका मिरचीसाठी? बाजारात रोप मिळतं ना.’’ वहिनी म्हणाली, ‘‘ह्ये मिळत न्हाई, भाई.’’ त्यांनी मान डोलावली आणि भोकं आतून बाहेर मारून दिली.

तो ट्रे भरून पेरला आणि वर ओलं गोणपाट टाकून अश्विनीकडून आत खिडकीत ठेववला. पण पोर दिवसभर शाळेत, दादा मिलवर. दिवसातून दोनदा बघायला हवं, गोणपाट सुकलं तर शिंपडायला हवं, कोंब दिसले की त्याच घटकेला गोणपाट काढायला हवं. ते करायला घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती जायला लागली. आधी धावत आत, शिंपडलं की धावत बाहेर. कोंब आले तेव्हा ते खिडकीकडे वाकायला लागले, म्हणून ट्रे रोज फिरवून ठेवावा लागायचा. मग मुंग्या लागल्या, त्या वेचाव्या लागल्या. मुंग्या वेचायच्या तर उभ्या उभ्या होत नाही, बसावं लागतं. ती उंबऱ्यावर बसायला लागली. मग उंबऱ्याच्या आत... दादा हे सगळं पाहत होता आणि आपण पाहतोय हे तिला कळू नये म्हणून जपत होता.

एक दिवस तो दिवसपाळी असताना जेवायला घरी आला. शेडमध्ये ती नव्हती. हाक मारली, ओ नाही. तो आत गेला तर वहिनी खिडकीखाली फरशीवर, हाताची उशी करून, झोपली होती. स्लॅबखाली. गाढ. दादा मागं फिरला, उंबऱ्याबाहेर बसला आणि संध्याकाळी ती उठेपर्यंत तिथून हलला नाही. मिलवरून माणूस बोलवायला आला त्याला त्यानं खुणेनं परत पाठवलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यानं मला फोन केला. ‘‘शैला, आज मुक्ता घरात झोपली,’’ म्हणाला, आणि माझा मोठा भाऊ, जो आई गेल्यावर माझ्यासमोर रडला नव्हता, तो फोनवर रडला.

पुढच्या उन्हाळ्यात मी आठ दिवस त्यांच्याकडे राहिले. आम्ही दोघी आतल्या खोलीत माती चाळत बसलो होतो. वहिनीची माती चाळायची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पिठाच्या चाळणीनं दोनदा चाळायची, बोटांनी प्रत्येक खडा काढायचा, ढेकूळ राहू द्यायचं नाही. ट्रे उथळच लागायचा तिला, आणि बी पेरल्यावर वर इतकी कमी माती भुरभुरवायची की दाणे दिसत राहायचे. मी सहज म्हटलं, वहिनी, अजून थोडी घाल की. तिचा हात थांबला. आणि मग इतक्या वर्षांत जे ती कुणाशी बोलली नव्हती, दादाशीसुद्धा नाही, ते ती बोलली. माझ्याकडे न बघता, ट्रेकडे बघत.

‘‘माती अंगावर असली ना ताई, तर वरचे आवाज खाली येतेत. आपला आवाज वर जात न्हाई.’’ तिनं बोटानं एक ढेकूळ फोडलं. ‘‘आईंचा हात माझ्या हातात व्हता. अंधारात घावला मला. मी म्हणलं, आई, अमोल कुठं हाय? तर म्हणल्या, माझ्यापाशी हाय, कुशीत हाय, झोपलाय. तू वरडू नको, दम लागंल, झोपू दे त्याला. मी सारखी इचारायची आन् त्या सारख्या सांगायच्या, झोपलाय म्हणून. मग त्या बोलायच्या थांबल्या. हात थंड पडला. मी सोडला न्हाई.’’

मी चाळणी खाली ठेवली.

‘‘अमोल तिथं न्हवताच, ताई. पल्याडच्या भिंतीखाली व्हता. लोकांनी सांगितलं मला नंतर. आईंनी मला खोटं सांगितलं. मला लई राग व्हता त्यांचा. वाटायचं, खरं सांगितलं असतं तर मी पण तिथंच...’’ तिनं ट्रे थोडा फिरवला. ‘‘आता न्हाई राग. त्यांला मला जगवायचं व्हतं.’’

मग तिनं चिमूटभर माती घेतली, मिरचीच्या दाण्यांवर भुरभुरवली, आणि म्हणाली, ‘‘बस एवढीच.’’ माझी आई कशी गेली हे मला त्या दिवशी कळलं. एवढ्या वर्षांत मला ते विचारायचं धाडस झालं नव्हतं, आणि तिला सांगायचं. आम्ही दोघींनी राहिलेली माती चाळून संपवली, हात धुतले, आणि त्या संध्याकाळी वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि गेल्या सालच्या मिरचीचा ठेचा केला. आईच्या हातची चव होती असं मी म्हणणार नाही. वहिनीची होती. पण मिरची आईची होती.

त्यानंतर शेड हळूहळू भांड्यांचं, सरपणाचं झालं. खाटा आत गेल्या. खिडकीचा कट्टा पुरेना म्हणून दादानं ट्रे ठेवायला लोखंडी अँगलचा घोडा, म्हणजे मांडणी, करून आणला, पण तिच्या अटीवर, कमरेच्या वर जाणार नाही इतकाच. वांगी आली, टोमॅटो आले, झेंडू आला. पत्र्याचे ट्रे गंजायला लागले तसे तिला मी नांदेडहून नर्सरीवाले वापरतात ते काळे ट्रे आणून द्यायला लागले. ते तिला फार आवडले. हलके, पडले तरी कुणाला लागत नाही, आणि रोप खालून बोटानं दाबलं की मातीसकट अलगद वर येतं, मूळ तुटत नाही. पेरायला उथळ पत्रा आणि हलवायला खोल कप, असं तिचं ठरून गेलं. पण ट्रे ती स्वतः पारखून घ्यायची. आधी वजन, मग तळाची भोकं, मग उन्हात वाकडा होतोय का. लातूरला पाणी नव्हतं, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, त्या वर्षीही तिनं डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर ट्रे जगवले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, प्यायला पाणी नाही आणि ही रोपं करून राहिली. त्याच बायका पुढं रोपं न्यायला आल्या. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही.

एकदा ती किल्लारीकडे गेली, आमच्या नात्यातल्या गंगाबाईकडे. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात गंगाबाईला पक्कं घर मिळालेलं, पण तीही वर्षानुवर्षं ओसरीवर झोपायची. वहिनीनं तिच्यासाठी वांग्याच्या रोपांचा एक ट्रे नेला होता. तो तिनं गंगाबाईच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी ठेवला, रोज फिरवून ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या कशाबद्दल काही न बोलता परत आली. त्याचं पुढं काय झालं म्हणून मी नंतर विचारलं. वांगी लागली म्हणे. आणि गंगाबाई? ती ओसरीवरून उंबऱ्यापर्यंत आली, वहिनी म्हणाली. तिथंच राहिली. ‘‘येवढं पण लई हाय,’’ म्हणाली.

पोटाचं दुखणं निघालं ते मागच्या हिवाळ्यात. तपासण्यांसाठी ती नांदेडला माझ्याकडे येऊन राहिली, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वर आणि खाली दोन्हीकडे स्लॅब. पहिल्या दिवशी जिन्यात ती माझा हात घट्ट धरून थांबली, पण आली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला कळलं होतं. परत जाताना एवढंच म्हणाली, की उन्हाळ्याचं पेरून ठेवायला हवं.

आणि तिनं पेरलं. अश्विनी पुण्याहून रजा टाकून आली होती, तिनं माती चाळून दिली आणि वहिनीनं खाटेवर बसून बी टाकलं. शेवटच्या दिवसाचं मला दादानं नंतर सांगितलं, तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर. दुपार होती. तिचा श्वास लागला तसे भावकीतले जाणते लोक जमले आणि म्हणायला लागले, हिला आता बाहेर घ्या, ओसरीवर मोकळ्यावर घ्या, खोलीत नको. चौघे पुढं झाले, खाटेला हात घातला. वहिनीनं डोळे उघडले. दादा म्हणतो, तिला नीट कळत होतं सगळं.

‘‘मला बाहेर नेऊ नका,’’ ती म्हणाली. ‘‘हितंच बरं वाटलालंय.’’

एका वडीलधाऱ्यानं काही समजावायला सुरुवात केली. माझा भाऊ आयुष्यात कधी थोरांपुढं आवाज चढवणारा नव्हे. तो खाटेच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ती म्हणते तसंच होईल.’’ लोक मागं सरले. अश्विनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. खिडकीत ट्रे होता, कोंबांना पहिली दोन पानं आली होती. तासाभरानं ती गेली, तिथंच, स्लॅबखाली, आतल्या खोलीत.

महिन्याभरानं मी नांदेडला निघायच्या दिवशी दुपारी त्याच खोलीत जरा आडवी झाले होते. अश्विनी पुण्याला परतली होती, ट्रे रिकामे झाले होते, गल्लीतल्या बायका रोपं घेऊन गेल्या होत्या. दारातून गरम वारा आत येत होता. दार लावावं म्हणून उठले, तर खाली दाराला टेकून एक वीट ठेवलेली होती. मी ती पायानं सरकवायला गेले, तेवढ्यात बाहेर ओसरीवर बसलेला दादा म्हणाला, ‘‘राहू दे, शैला.’’ मग सांगू लागला, की ती आत झोपायला लागली तरी दार कधी लावू दिलं नाही तिनं. थंडीतसुद्धा नाही. वीट लावून ठेवायची, वाऱ्यानं लागू नये म्हणून. इतकी वर्षं मी त्या घरी येत होते, माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

‘‘आता कशाला?’’ असं मी त्याला विचारलं नाही. वीट होती तिथं नीट टेकवली आणि पुन्हा आडवी झाले. दार उघडंच राहिलं.